जुनाट कंबरदुखी : विश्रांती की व्यायाम?

दुकानात रोकड आणि माल या दोहोंचा हिशेब रोज लिहिला जातो. परंतु ज्या देहाच्या बळावर हा सारा व्यवहार चालतो, त्याचे पान मात्र आपण वर्षानुवर्षे कोरे ठेवतो. कंबर धरल्यावाचून गादीवरून उठता येईनासे झाले, म्हणजे मग त्या पानाची आठवण होते.

निपाणीची पेठ तंबाखूवर वाढली. वखारीत तंबाखू निवडणारी स्त्री तासन्‌तास वाकून बसते. विडी वळणारी मांडीवर सूप घेऊन दिवस काढते. हमाल पाठीवर पोते वाहतो. आणि व्यापारी लोडाला टेकून खातेवही पाहतो. कामे चार, तक्रार एकच. या तक्रारीविषयी आपल्या मनात ज्या समजुती घर करून बसल्या आहेत, त्यांचा येथे थोडा विचार करू.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या कंबरदुखीस जुनाट म्हणतात. दुखणे लांबले की आपण छायाचित्र काढून आणतो आणि त्यात ‘मणक्याची चकती झिजली’ असे वाचताच हातपाय गाळतो. परंतु ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही अशांच्या छायाचित्रांचा जो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात विशीतील शंभरांपैकी सुमारे ३७ जणांत आणि ऐंशीतील शंभरांपैकी सुमारे ९६ जणांत अशी झीज आढळली. पांढऱ्या केसांप्रमाणे ती बहुधा वयाची खूण असते. बहुसंख्य रुग्णांत दुखण्याचे एकच निश्चित कारण दाखविता येत नाही.

मग विश्रांतीने काय बिघडते? अंथरुणावर पडून राहिल्याने पाठीचे, पोटाचे व नितंबांचे स्नायू दुबळे होतात. दुबळ्या स्नायूंवर थोडा भार पडला तरी दुखते. दुखते म्हणून मनुष्य हालचालीस भितो. आणि भितो म्हणून स्नायू अधिकच दुबळे होतात. चक्रवाढ व्याजाचा हा प्रकार व्यापाऱ्यांस निराळा समजावून सांगावयास नको. व्यायाम हे चक्र उलटे फिरवितो.

या उपचारशास्त्राचे शिक्षण आपल्या देशात एका साथीमुळे सुरू झाले. १९५२ साली मुंबईत पोलिओची साथ आली आणि लुळ्या पडलेल्या मुलांच्या अवयवांत बळ आणण्यासाठी १९५३ साली के.ई.एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे विद्यालय निघाले. आज बेळगावात के.एल.ई. संस्थेच्या महाविद्यालयात हे शिक्षण दिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात रुग्णास नीट समजावून सांगणे व व्यायाम यांची शिफारस आहे. आपल्या आवडीचा कंबरपट्टा आणि वजन लावून कंबर ताणणे या गोष्टी मात्र नेहमीचा उपचार म्हणून करू नयेत, असे म्हटले आहे.

औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला, हे आपल्या भागात सर्वश्रुत आहे. तथापि दुखऱ्या कंबरेने एकदम नमस्कार घालू नयेत. आरंभ लहान असावा. सतरंजीवर करण्याजोगे तीन व्यायाम येथे देतो.

पहिला : उताणे निजून गुडघे वाकवावेत व पावले टेकवावीत. पोट आवळून कंबरेखालची पोकळी जमिनीस हळूच दाबावी, पाच अंक मोजावेत व सोडावे.

दुसरा : त्याच स्थितीत नितंब सावकाश वर उचलावेत. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत देह एका रेषेत आला की पाच अंक मोजून खाली यावे.

तिसरा : रांगत्या मुलाप्रमाणे हात व गुडघे टेकावेत. उजवा हात पुढे व डावा पाय मागे ताणून पाठ सपाट ठेवावी. मग बाजू बदलावी.

प्रत्येक प्रकार आरंभी पाच वेळा, पुढे दहा वेळा करावा. श्वास कोंडू नये. प्रारंभी थोडे दुखले तर भिऊ नये. परंतु कळ पायात खाली उतरू लागली तर थांबावे व तज्ज्ञास विचारावे. दुखणे बरे झाल्यावर चालणे सोडू नये. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेला एक प्रयोग २०२४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना क्रमाक्रमाने चालण्याची सवय लावून मार्गदर्शन केले, त्यांची कंबर साधारणपणे २०८ दिवसांनी पुन्हा अडली. इतरांची ११२ दिवसांनीच. अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, एवढेच त्यांचे उद्दिष्ट होते.

काही लक्षणांत मात्र व्यायामाची वाट पाहू नये. लघवी वा शौचावरील ताबा जाणे, जांघेत बधिरता येणे, पायातील शक्ती कमी होणे, ताप, अकारण वजन घटणे, अथवा पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे : अशा वेळी तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

शेवटी एक गोष्ट आपल्यालाच उद्देशून. आपली कंबर दुखली तर आपण लोड बदलतो, बेळगावला वा कोल्हापूरला जाऊन येतो. हमालाची दुखली तर त्याची मजुरी बुडते, म्हणून तो दुखणे गिळून पोते उचलतो. त्याला हे व्यायाम कोणी दाखविले आहेत? त्यासाठी यंत्र लागत नाही, औषध लागत नाही. वखारीतील स्वच्छ कोपरा, एक सतरंजी आणि कामाच्या वेळेतील पंधरा मिनिटे पुरतात. महिन्यातून एकदा जाणत्या व्यक्तीस बोलावून मालक व कामकरी यांनी एकाच सतरंजीवर हा पाठ घ्यावा, आणि वाकून बसणाऱ्या स्त्रियांना दर तासाला उठून चार पावले चालण्याची मुभा द्यावी. ही पंधरा मिनिटे खर्चाच्या बाजूस लिहू नयेत. ज्यांच्या पाठीवर आपला व्यापार उभा राहिला, त्यांचे ते जुने देणे आहे.