छायाचित्रांचा संग्रह आपल्या हाती : मुक्त आज्ञावलीची निवड

ग्रामसभा, वृक्षारोपण, पाझर तलावाचे काम, शाळेचे स्नेहसंमेलन या साऱ्यांची छायाचित्रे आज मोबाइलवर टिपली जातात. ती झालेल्या कामाचा पुरावा असतात आणि गावाचा इतिहासही. परंतु ती राहतात कोठे, असे विचारले तर बहुधा एखाद्या कर्मचाऱ्याच्या खासगी खात्याकडे बोट दाखवावे लागते. त्याची बदली झाली की संग्रहही त्याच्याबरोबर जातो.

परक्या संगणकावर विसंबण्यात आणखी एक अडचण आहे. तेथील अटी आपल्या हाती नसतात. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवणूक 1 जून 2021 पासून बंद झाली आणि नवी छायाचित्रे 15 जीबीच्या मर्यादेत मोजली जाऊ लागली. शिवाय छायाचित्राच्या फाइलमध्ये दिनांक, वेळ आणि अनेकदा स्थळाचे अक्षांश-रेखांशही दडलेले असतात. विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांबाबत तर अधिकच दक्षता हवी. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात बालकांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे.

मुक्त म्हणजे काय?

मुक्त आज्ञावली म्हणजे केवळ फुकट मिळणारी आज्ञावली नव्हे. ती वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे व इतरांना देण्याचे स्वातंत्र्य परवान्यानेच दिलेले असते. तिची मूळ संहिता खुली असल्याने आपली माहिती बाहेर जाते किंवा कसे, हे जाणकारास तपासता येते. शासकीय कामात अशा आज्ञावलीस प्राधान्य देण्याचे धोरण केंद्र शासनाने 2015 मध्ये जाहीर केले.

गरजेनुसार निवड

शाळेत एकच संगणक असेल तर डिजिकॅम पुरेसे आहे. ते विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते, इंटरनेटवाचूनही काम करते आणि छायाचित्रे मूळ फोल्डरमध्येच ठेवते. अनेक कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवरील छायाचित्रे आपोआप एकत्र यावीत, अशी गरज असेल तर इमिच सोयीचे ठरते. आधीच फोल्डरांत लावलेला मोठा संग्रह न हलवता शोधण्यायोग्य करावयाचा असल्यास फोटोप्रिझमचा विचार करावा. निवडक छायाचित्रे जनतेसमोर मांडण्यासाठी पिविगो योग्य आहे. मात्र इमिच व फोटोप्रिझम यांसाठी सतत चालू राहणारा संगणक आणि तो सांभाळणारा माहितगार माणूस लागतो. तशी सोय नसेल तेथे एन्टे हा पर्याय आहे. त्यात छायाचित्रे मोबाइलवरच कुलूपबंद होऊन मग सेवादात्याकडे जातात. मात्र परवलीचा शब्द आणि पुनर्प्राप्तीची किल्ली ही दोन्ही हरवल्यास ती कोणालाही उघडता येत नाहीत.

निर्णयापूर्वीची कसोटी

संपूर्ण संग्रह एकदम हलवू नये. प्रथम 200 छायाचित्रे घालावीत, त्यांना नावे व मथळे द्यावेत आणि मग ती सर्व पुन्हा बाहेर काढून दुसऱ्या आज्ञावलीत उघडावीत. दिनांक व मथळे टिकले तर ती आज्ञावली विश्वासार्ह समजावी. आत जाणे सोपे, पण बाहेर पडणे अवघड, अशी व्यवस्था मुक्त म्हणवत असली तरी टाळलेली बरी.

कोणतीही आज्ञावली दुसऱ्या प्रतीची जागा घेऊ शकत नाही. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या इमारतीत, हा नियम पाळावा. छायाचित्र सरासरी 4 एमबीचे धरले तर 10,000 छायाचित्रांना सुमारे 40 जीबी जागा लागते. एवढा संग्रह साध्या बाह्य डिस्कवर सहज मावतो. परवलीचे शब्द मोहोरबंद पाकिटात कार्यालयप्रमुखाकडे असावेत आणि पदभार देताना दप्तराबरोबर छायाचित्रसंग्रहाचीही नोंद व्हावी.

जन्म-मृत्यूची नोंदवही आपण कुणाच्या घरी ठेवत नाही. गावाच्या चित्रस्मृतीलाही तीच शिस्त लावली, तर पुढच्या पिढीला आपले गाव कसे घडले, हे डोळ्यांनी पाहता येईल.