पायाखालचं लेकरू

दसरा झाला की आमच्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या हलतात. मुकादमाची उचल कधीच खर्चून गेलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. तान्हं लेकरू कोयत्याबरोबर फडावर जातं, शाळेतलं आजीजवळ मागं राहतं. सरकारची हंगामी वसतिगृहांची योजना या लेकरांसाठीच आहे, पण आईविना संध्याकाळ कशी काढायची ते योजनेत बसत नाही. म्हणून गेले चार हंगाम दहा-बारा जण आमच्या ओसरीवर येऊन बसतात. त्यांच्याकडून मी जे शिकले ते हे. आकडे टाकलेत ते माझ्या सोयीला.

१. पहिल्या आठवड्यात काही शिकवू नये. मी रंगीत खडू, गोष्टींची पुस्तकं, पाढ्यांचा तक्ता असं सगळं मांडून बसले होते. एकानं सगळ्यावरून नजर फिरवली आणि विचारलं, "मावशी, खायला काय हाय?" मला राग आला, खोटं कशाला सांगू! शाळेतली खिचडी दुपारची आणि आजीची भाकरी दिवेलागणीनंतरची, हा हिशेब माझ्या डोक्यातच आला नव्हता. आता आधी मूठभर शेंगदाणे आणि गूळ. पाढे नंतर.

२. "लवकर" हा शब्द लेकरांपुढं वापरू नये. दुसरीतली एक पोरगी रोज विचारायची, "आई कवा येणार?" मी म्हणायचे, "येईल की लवकर." पंधरा दिवसांनी तिची आजी सांगत आली की पोरगी रोज अंधार पडेपर्यंत एसटीच्या थांब्यावर उभी असते. कारखाना बंद झाल्याशिवाय टोळी परतत नाही, हे मला ठाऊक होतं. "लवकर" मी तिच्यासाठी म्हणत नव्हते, माझी सुटका व्हावी म्हणून म्हणत होते. दुसऱ्या दिवशी तिला जवळ बसवलं आणि सांगितलं, तारीख मला माहीत नाही, पण उन्हाळा लागेपर्यंत नाही येणार. ती खूप रडली. मग खडू घेऊन तिनं ओसरीच्या भिंतीवर एक रेघ ओढली. त्या दिवसापासून रोज एक. थांब्यावर जाणं मात्र बंद झालं.

३. लेकरांचे फोटो स्टेटसला टाकू नयेत. एकदा मी टाकला, चाळीस जणांनी हात जोडले. फोटोतल्या मुलाला वर्गात कुणीतरी "फुकटचं खाणारा" म्हणालं. या मुद्द्यावर आणखी काही बोलण्यासारखं नाही.

४. आपल्याला जे दाखवायचं असतं ते त्यांना बघायचं नसतं. गावात रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं वस्तुसंग्रहालय आहे. तिथं पोरांना घेऊन गेले तेव्हा मी मोठ्या उत्साहानं सांगत होते: आपलं तेर म्हणजे जुनं तगर, दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल भडोचला जायचा आणि तिथून समुद्रापार. हस्तिदंती स्त्रीमूर्तीचं कौतुक सांगितलं, तशाच घडणीची एक मूर्ती पार इटलीत पाँपेईला सापडली हेही सांगितलं. पोरं तिथून केव्हाच सरकली होती. मातीच्या भाजलेल्या मूर्तींपाशी नाकं काचेला लावून उभी होती. "हे तर आपण बी करू," एक म्हणाला. दुसऱ्या दिवशी ओसरीभर चिखल. बैल झाले, बाया झाल्या, एक ट्रॅक्टर झाला. आठवडाभर कुणी पुस्तकाला हात लावला नाही आणि मीही लावा म्हणाले नाही.

५. आपल्याच कामात रंगू नये. हे मी तेरमध्ये राहून शिकायला इतकी वर्षं लावली, याची लाज वाटते. गोरोबाकाकांची, म्हणजे आमच्या गावच्या संत गोरा कुंभारांची, गोष्ट इथं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असेल. बायको पाण्याला गेलेली, लेकरू सोपवून. काका चिखल तुडवताहेत, मुखी विठ्ठल, आणि लेकरू रांगत पायाखाली आलं. लहानपणी कीर्तनात ही गोष्ट भक्तीची म्हणून ऐकली. एका संध्याकाळी मी गोष्ट वाचण्यात अशी रंगले, आवाज बदलून, हातवारे करून, की बहिणीच्या मागं आलेलं एक चार वर्षांचं पोर उठून परसात गेलं ते मला कळलंच नाही. शेजारच्या आजी ओरडल्या. पोर हौदाच्या कठड्यावर पालथं पडून पाण्यात हात घालत होतं. गोरोबाकाकांचं लेकरू विठ्ठलानं परत दिलं. आमच्या हौदापाशी शेजारच्या आजी होत्या म्हणून निभावलं. तेव्हापासून ती गोष्ट मला त्या पाण्याला गेलेल्या माउलीच्या बाजूनंच ऐकू येते. हौदावर आता फळ्या आहेत. रोज एक मोठं माणूस नुसतं बघत बसतं, हातात पुस्तक नाही, मोबाइल नाही. भिंतीवर ठळक अक्षरांत १०९८ लिहिलंय. हा लेकरांच्या मदतीचा नंबर प्रत्येकाला पाठ आहे, पाढ्यांच्या आधी.

६. आपल्याला विसरू द्यावं. चैत्रात गोरोबाकाकांची यात्रा भरली तेव्हा ती रेघा ओढणारी पोरगी गर्दीत दिसली. आईचा पदर मुठीत, दुसऱ्या हातात फुगा. मी हाक मारली. तिनं पाहिलं, ओळखलं आणि पदराआड झाली. आजी ओशाळल्या, म्हणाल्या, "अगं, मावशी हायत की!" ती काही पुढं आली नाही. आईला ओढत पाळण्याकडं घेऊन गेली.