मनीचा विमा : जुना आजार लपवू नका

प्रश्न : आमचा बोका चार वर्षांचा आहे. मागच्या वर्षी त्याची लघवी तुंबली होती. आता विमा काढला तर पुढचा सगळा खर्च मिळेल ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर : सगळा नाही. विमा घेण्याआधीचे आजार पॉलिसीत सहसा धरत नाहीत, त्यामुळे नेमक्या याच दुखण्याचे पैसे बहुधा मिळणार नाहीत. लसीकरण आणि नसबंदीचा खर्चही बहुतेक वेळा बाहेरच राहतो. तरीही अपघात किंवा नव्या आजारावरच्या शस्त्रक्रियेसाठी विमा कामाचा आहे. सही करण्याआधी वयाची अट, प्रतीक्षा काळ आणि दर दाव्यात स्वतःच्या खिशातून किती भरायचे, हे लेखी विचारा. जुना आजार अर्जात स्पष्ट लिहा. लपवलात तर दावा नाकारला जाईल. लसीकरणाचे कार्ड आणि डॉक्टरांची बिले जपून ठेवा.

लघवीच्या त्रासासाठी दरमहा थोडी रक्कम वेगळी टाका, माझ्या मते तेच खात्रीचे. आणि बोका वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसून कुंथतोय, पण थेंबही पडत नाही, असे दिसले तर विम्याचा विचार नंतर करा. त्याच तासाला डॉक्टर गाठा.