'दहावी झाली' की 'दहावीपर्यंत'? : मोठ्या माणसांचं शिक्षण कसं मोजायचं



आपल्या भागातली मोठी माणसं किती शिकलेली आहेत, असं कुणी विचारलं की आपण पटकन साक्षरतेचा आकडा सांगतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४ टक्के होती. आपल्या अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्याची ७९.०५ टक्के, त्यात पुरुष ८६.८२ आणि स्त्रिया ७०.८९. आकडे बरोबर आहेत. पण आपल्या वर्गातल्या मुलांचे आई-वडील नेमके कुठपर्यंत शिकलेत, हे त्यावरून कळत नाही. ते कसं कळेल, हे आज राहाता तालुक्याची उदाहरणं घेऊन समजून घेऊ.

१) साक्षरता वेगळी, शिक्षणाची पातळी वेगळी

जनगणनेत ७ वर्षं किंवा त्यापुढच्या ज्या व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येतं, ती साक्षर. शाळेत गेलेली असलीच पाहिजे असं नाही. म्हणजे आपल्या दुसरी-तिसरीतली मुलंसुद्धा या टक्केवारीत धरली जातात. शाळेत मुलं टिकली की साक्षरता वाढते, घरातल्या मोठ्यांचं शिक्षण मात्र तिथंच राहू शकतं.

शिक्षणाची पातळी म्हणजे माणसाने पूर्ण केलेला शेवटचा टप्पा: प्राथमिक, उच्च प्राथमिक, दहावी, बारावी, पदविका, पदवी. कमावत्या वयाचा विचार करताना साधारण २५ ते ६४ हा वयोगट घेतात, कारण तोपर्यंत बहुतेकांचं शिक्षण संपलेलं असतं.

२) एक सोपं गणित

समजा, एका वस्तीवर ७ वर्षांपुढची १०० माणसं आहेत. (ही संख्या फक्त समजण्यासाठी घेतली आहे.)

७ ते २४ वयाचे ३० जण : सगळे साक्षर.
२५ ते ६४ वयाचे ५५ जण : ४० साक्षर.
६५ आणि पुढचे १५ जण : ५ साक्षर.

एकूण साक्षर ७५, म्हणजे ७५ टक्के. ऐकायला चांगलं वाटतं. आता मधले ५५ जण बघू. १५ निरक्षर, २२ जण दहावीच्या आत शाळा सुटलेले किंवा दहावीत राहिलेले, १२ जण दहावी किंवा बारावी पास आणि ६ पदवीधर. म्हणजे दहावी पास झालेले ५५ पैकी १८, साधारण ३३ टक्के. वस्ती तीच, माणसं तीच. एक आकडा ७५ सांगतो, दुसरा ३३.

३) एका शब्दाने पायरी बदलते

घरी विचारलं की उत्तर येतं, "दहावी झालीय." खोदून विचारलं की कळतं, दहावीत गणित-इंग्रजी राहिलं आणि पुढं फॉर्म भरलाच नाही. आपल्या बोलण्यात 'दहावी झाली' आणि 'दहावीपर्यंत शिकलो' यांत फार फरक नसतो. मोजणीत मात्र पूर्ण केलेली पातळीच धरतात, त्यामुळे दहावी नापास व्यक्ती उच्च प्राथमिकच्या रकान्यात जाते.

जनगणनेची पुढची माणसं मोजण्याची फेरी फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरलेली आहे. आपल्यापैकी अनेकांना प्रगणक म्हणून जावं लागेल. तेव्हा "शिक्षण किती?" एवढंच न विचारता "कोणती इयत्ता पास झालात?" असं विचारावं. विचारताना आवाज मऊ ठेवावा, कारण हा प्रश्न सुनेला सासरच्या सगळ्यांसमोर विचारला जातो.

४) गावागावांची तुलना करताना

दोन गावांचे आकडे शेजारी ठेवले की "त्यांच्या शाळा चांगल्या, आपल्या कच्च्या" असं बोललं जातं. आपल्याच तालुक्यात बघा, हे का चुकीचं आहे ते.

शिर्डीत हॉटेल, लॉज, दुकानं, वाहतूक यांत काम करायला बाहेरून पुष्कळ माणसं आलेली आहेत. त्यांचं शिक्षण शिर्डीच्या शाळांत झालेलंच नाही, पण ती शिर्डीच्या आकड्यात येतात.

लोणी-प्रवरानगरला मेडिकल, इंजिनिअरिंगसारखी कॉलेजं आणि वसतिगृहं आहेत. तिथं राहणारी बारावी पास मुलं तिथल्या मोजणीत धरली जातात. आकडा वर जातो.

साखर कारखान्यांच्या भोवती थंडीत ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, म्हणजे ऐन गळीत हंगामात. नियम असा की, या सगळ्या काळात जो आपल्या घरी नसेल त्याला जिथं असेल तिथं मोजायचं. बीड-पाथर्डीकडचं कुटुंब अशा वेळी इथल्या गावात धरलं जातं.

आणि राहात्यातून शिकून पुण्या-नाशिकला नोकरीला गेलेली मुलं? ती त्या शहरांच्या आकड्यात.

वयाचाही विचार करावा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. २०२७ मध्ये जे पंचविशीच्या पुढे असतील, त्या जवळपास सगळ्यांची पहिली त्याआधीच झालेली आहे. मोठ्यांच्या शिक्षणाचा आकडा म्हणजे पंधरा ते पन्नास वर्षांपूर्वीच्या शाळेचा निकाल. आजच्या शाळेला त्यावरून मार्क देता येत नाहीत.

५) वर्गात घ्यायचा उपक्रम (सहावी-सातवी, माहितीचे व्यवस्थापन)

साहित्य : सारख्या आकाराच्या चिठ्ठ्या, एक बंद डबा, चौकटीचा कागद.

कृती :
• मुलांनी घरातल्या २५ ते ६४ वयाच्या प्रत्येक व्यक्तीसाठी एक चिठ्ठी घरूनच भरून आणावी. त्यावर फक्त तीन गोष्टी : स्त्री/पुरुष, वय ४५ च्या आत की पुढे, पास केलेली शेवटची इयत्ता. नाव लिहायचं नाही.
• चिठ्ठ्या घडी करून डब्यात टाकाव्यात. शिक्षकांनी त्या मिसळून मगच उघडाव्यात.
• गटाने मोजणी, वारंवारता सारणी, मग स्तंभालेख.
• प्रश्न : कोणत्या पायरीवर सगळ्यात जास्त माणसं थांबली? ४५ च्या आतल्या आणि पुढच्या स्त्रियांमध्ये काय फरक दिसतो?

'कुणाची आई किती शिकली' हे वर्गात कुणीही जाहीर विचारू नये. आईच्या अंगठ्यावरून मुलाला चिडवलं गेलं तर तो सगळं गणित विसरेल, एवढंच लक्षात ठेवील.

६) मधल्या पायरीवरची माणसं

आता मुख्य मुद्दा. निरक्षरांसाठी 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे; १५ वर्षांपुढच्या असाक्षरांना त्यात शिकवलं जातं आणि वाचन, लेखन, संख्याज्ञान यांची १५० गुणांची परीक्षा होते. पदवीधरांना पुढचे रस्ते मोकळे आहेत. पण आपल्या उदाहरणातले ते २२ जण? ते साक्षर आहेत, म्हणून साक्षरता वर्गात बसत नाहीत. दहावी पास नाहीत, म्हणून कुठं अर्जही करता येत नाही. आज अंगणवाडी सेविकेच्या जागेलासुद्धा बारावी पास लागते. गावात राहून, घर सांभाळून करता येण्यासारखं काम. आणि सातवी-आठवीला शाळा सुटलेल्या हुशार बाईला ते बंद.

यांच्यासाठी वाटा आहेत, फक्त घरापर्यंत पोचत नाहीत :
• दहावीत राहिलेल्यांना पुनर्परीक्षार्थी म्हणून उरलेले विषय देता येतात.
• दहावीच्या आधी शाळा सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून बसता येतं.
• राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळातर्फे पाचवी, आठवी, दहावी करता येते.
• पदवीसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे.

शाळेने काय करावं? पुढच्या पालक सभेत ही माहिती पाच मिनिटं तोंडी सांगावी. फलकावर नुसती लावली तर ज्यांना गरज आहे त्यांच्यापर्यंत ती जाणार नाही. फॉर्म भरायच्या तारखा निघाल्या की पालकांच्या ग्रुपवर लेखी निरोपासोबत बोलूनही टाकाव्यात. दाखल्यासाठी कुणी जुनी विद्यार्थिनी शाळेत आली तर तिला "आता कशाला?" असं न म्हणता दाखला द्यावा.

वर्षभरात एका आईने जरी राहिलेले दोन विषय सोडवले, तरी वर्गातल्या आलेखात एक चौकट वरच्या पायरीवर जाईल. तिच्या घरात संध्याकाळी अभ्यासाला बसणारी माणसं मात्र दोन होतील.

उपक्रम घेतलात तर तुमच्या शाळेचा आलेख (नावांशिवाय) जरूर कळवा.