चित्रपटाचा आरंभ : काय सांगावे, काय राखून ठेवावे

बृहन्महाराष्ट्रातील नवे लेखक पटकथा लिहितात, तेव्हा पहिले पान बहुधा निवेदनाचे असते. गाव कोणते, मराठी माणसे तिथे कधी आली, ती अशी का बोलतात, हे सारे निवेदक सांगतो. कथा त्यानंतर सुरू होते. यामागे एक धास्ती असते : आपली बोली पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला कळली नाही तर? धास्ती समजण्याजोगी आहे. उपाय मात्र चुकीचा आहे.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) आठवून पाहावा. आरंभी जब्या गलोल घेऊन काटेरी झुडपांतून एका काळ्या चिमणीचा माग काढतो. ती त्याला कशासाठी हवी, हे कोणी सांगत नाही. तिची राख अंगावर टाकली की मुलगी वश होते, ही समजूत पुढे कळते. त्याच्या घरात कैकाडी बोलली जाते, तिचीही आधी ओळख करून दिलेली नाही. शीर्षकाचा अर्थसुद्धा आरंभी फोडलेला नाही. ‘फँड्री’ म्हणजे डुक्कर. कैकाडी न जाणणाऱ्या प्रेक्षकाला तो अर्थ हळूहळू उमगतो, म्हणूनच हा शब्द हिणवणूक होऊन जब्यावर येतो तेव्हा तो आपल्यालाही लागतो. पहिल्या मिनिटाला सांगितला असता तर तो कोशातला अर्थ राहिला असता.

चिमणीवर नेम धरणारा हा मुलगा शेवटी जो दगड भिरकावतो, तो थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. शेवट ठरल्यावर आरंभ पुन्हा लिहून काढावा, असे मी म्हणतो ते यासाठी.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ची (२०१४) रीत निराळी आहे. नारायण कांबळे घरी मुलांना शिकवताना दिसतात, मग बसने कार्यक्रमाला जातात, गातात आणि तिथेच पकडले जातात. कॅमेरा दूर, स्थिर. त्यांच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, हा आरोप आपण ऐकतो तो नंतर. तोवर आपण त्यांना पाहिलेले असते. कागदोपत्री उभा केला जाणारा आरोपी आणि शिकवणी घेणारा हा माणूस यांतले अंतर कोणी समजावून द्यावे लागत नाही.

निवेदन वर्ज्य आहे असे नाही. पण ते भीतीपोटी येऊ नये.

समजा, कथा बेळगावची आहे. एक बाई बाजारात मराठीत भाव विचारते, भाजीवाली कन्नडमध्ये सांगते, दोघींचे काही अडत नाही. निवेदनाची दोन पाने इथेच वाचली. तरीही एवढ्याने आरंभ झाला असे मानू नये. हे नुसते स्थळवर्णन झाले. जब्याला चिमणी हवी होती, तसे या बाईलाही काही हवे असले पाहिजे. भाव न पटताच ती भाजी पिशवीत टाकून लगबगीने निघते, असे दाखवून पाहावे. तिला घाई कसली, हे लेखकाला पक्के ठाऊक हवे. प्रेक्षकाला दहाव्या मिनिटाला कळले तरी चालेल.