कॉन्स्टच्या भरवशावर

चि. बाळ,

काल वहिनींचा फोन आला आणि त्यांनी जे सांगितले ते ऐकल्यापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. गाड्यांच्या वेळापत्रकाच्या ज्या कामावर तू आहेस त्यातील स्थानकांचा क्रम एकाएकी बिघडला, उतारूंना कराड आधी आणि सातारा शेवटी दिसू लागले, आणि तुझ्या हाताखाली नुकत्याच रुजू झालेल्या मुलीला तू चारचौघांदेखत, ‘माझी यादी कॉन्स्ट आहे, ती माझ्याकडून बदलणे शक्यच नाही, तूच कुठे तरी हात लावला असशील,’ असे बोललास, हे खरे काय? खरेच असावे, कारण आपले निरपराधित्व पटविण्यासाठी तू दादाला पाठविलेला मजकूर त्याने माझ्याकडे धाडला आहे, आणि उभा जन्म मुलांना संगणक शिकविण्यात गेल्यामुळे तो ओळीओळीने वाचल्यावाचून मला राहवले नाही.

जावास्क्रिप्टमधली तुझी पहिली ओळ अशी: कॉन्स्ट स्थानके = ['पुणे', 'सातारा', 'कराड', 'कोल्हापूर']. बऱ्याच अंतरावर, उतारूंच्या सोयीसाठी, तू लिहितोस: कॉन्स्ट अकारविल्हे = स्थानके.सॉर्ट(). या दुसऱ्या ओळीने एक नवी यादी जन्मास आली आणि जुनी जशीच्या तशी राहिली, अशी तुझी समजूत. बाळ, तसे होत नाही. सॉर्ट मूळ यादीचीच उलथापालथ करते आणि तीच यादी परत हाती देते. त्या क्षणापासून तुझी दोन्ही नावे एकाच यादीची झाली, आणि दोहोंखाली कराड, कोल्हापूर, पुणे, सातारा हाच क्रम आला. त्या मुलीने काही केलेले नाही. जे झाले ते तुझ्या ओळीने झाले.

कॉन्स्ट हा शब्द जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या आवृत्तीने लेटच्या जोडीने प्रमाणभाषेत आणला, आणि त्याचे अभिवचन फार मर्यादित आहे: या नावाला पुन्हा दुसरे काही नेमून देता येणार नाही. स्थानके = [] असे लिहून पाहा, टाइप-एरर तुला तिथल्या तिथे अडवील. पण पुश, पॉप, स्प्लाइस, रिव्हर्स यांना, किंवा स्थानके[०] = 'मिरज' असे लिहिण्याला, त्याची कसलीही आडकाठी नाही. आपले आप्पा तलाठी होते, त्यांचे दफ्तर तू लहानपणी पाहिलेले आहेस. सातबाऱ्यावरचा गट क्रमांक तोच राहतो आणि खातेदाराचे नाव फेरफाराने बदलते, हे तुला सांगावयास नको. मात्र तेथे प्रत्येक फेरफार नमुना ६ च्या वहीत नोंदला जातो, कोणी आणि कशाच्या आधारे बदल केला याला पुरावा राहतो. तुझ्या यादीत झालेल्या फेरफाराची नोंद कोणीच ठेवीत नाही, आणि पुरावा नसला म्हणजे संशय सर्वांत नवख्या, सर्वांत गरीब माणसावर जातो. माझे भय आहे ते याचेच.

मी पहिल्या नोकरीत असताना आमच्या कचेरीत एक वयस्क गृहस्थ आकडे भरण्याचे काम करीत. पगारपत्रकात गोंधळ झाला, ठपका त्यांच्यावर आला, आणि ते मुकाट्याने नोकरी सोडून गेले. कित्येक महिन्यांनी दोष आज्ञावलीतच होता असे सिद्ध झाले. पण तोवर त्यांचे बिऱ्हाड हलले होते आणि नवा पत्ता कोणापाशीच नव्हता. त्यांच्यावरचा डाग धुतला गेला हे त्यांना कळवावे, असे मला किती वाटे! ते राहून गेले, ते कायमचेच. तुझी ती मुलगी अजून शेजारच्याच मेजावर बसते आहे, म्हणून हे लिहिते. तिच्याशी बोललास काय?

उपाय अवघड नाहीत. २०२३ च्या आवृत्तीत टू-सॉर्टेड आले आहे, ते मूळ यादीस स्पर्श न करता नवी यादी देते, ज्या जुन्या ब्राउझरांत ते नाही तेथे [...स्थानके].सॉर्ट() असे लिही, म्हणजे आधी नक्कल होईल आणि मग लावणी. आणि यादी खरोखरच कोणी बदलू नये अशी इच्छा असेल तर ऑब्जेक्ट.फ्रीझ हे साधन २००९ पासून भाषेत आहे. ते वापरले असतेस तर सॉर्ट लागलीच चूक दाखवून थांबली असती आणि तुझ्या तोंडून ते शब्द निघालेच नसते. यादीत नुसत्या नावांऐवजी वस्तू असतील, तर मात्र फ्रीझचा बंदोबस्त वरवरचाच असतो हे ध्यानात ठेव. आतल्या वस्तूचे भाडे वा वेळ तरीही बदलता येते. कॉन्स्ट लिहिणे सोडू नकोस, ती चांगली सवय आहे. त्याने जे कबूल केलेले नाही त्याचा हवाला देऊन मात्र माणसाला बोल लावू नकोस.

फार रागावून लिहावयास बसले होते, पण तो राग लिहिता लिहिताच ओसरला. तुझे जागरण चालू आहे, डबा तसाच परत येतो, असेही वहिनी म्हणाल्या; थकलेला माणूस आपल्या ओळीवर शंका घेत नाही, दुसऱ्याच्या घेतो, हे मी ओळखून आहे. तू मनाचा वाईट नाहीस. लहानपणी बहिणीची पाटी तुझ्याकडून फुटली तेव्हा सर्वांआधी तूच रडला होतास. तेव्हा उद्या कचेरीत गेल्यावर यंत्र सुरू करण्यापूर्वी तिच्याकडे जा, आणि ज्या चारचौघांत बोललास त्यांच्याच समोर, ती ओळ माझी होती, असे सांग. मग दोन घास खा आणि लवकर नीज. पत्र सवडीने लिहिलेस तरी चालेल. तिच्याशी बोलणे मात्र उद्याच होऊ दे.

कळावे.

तुझी आत्या