घराच्या पत्र्याला कोणता फोम? सौदा इंचावर नको, वजनावर करा



भिवंडी, मालेगाव यांसारख्या गावांत खाली यंत्रमाग किंवा मालाचे गोदाम आणि वर पत्र्याच्या छताखाली कुटुंब, अशी घरे पुष्कळ आहेत. मे महिन्यात दुपारी वरच्या खोलीत म्हाताऱ्या माणसांना बसवत नाही. पावसाळ्यात रात्री पत्रा गार पडला की घरातील दमट हवेचे पाणी होऊन आतून थेंब टपकतात आणि कापडाच्या गठ्ठ्यांवर डाग पडतात. अशा वेळी 'पत्र्याला आतून फोम मारून घ्या' असा सल्ला मिळतो. कंत्राटदार चौरस फुटाचा भाव सांगतो, आपण दोन-चार रुपये कमी करून घेतो आणि सौदा पक्का होतो. पण फोम एका जातीचा नसतो. चुकीच्या जातीचा घेतला तर पैसेही जातात आणि पत्राही जातो.

फोम म्हणजे काय?

याचे मूळ नाव पॉलियुरेथेन. जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ साली ते शोधून काढले. फवारणीच्या वेळी दोन पिंपांतील दोन रसायने सारख्या मापाने गनमध्ये एकत्र येतात आणि पत्र्यावर पडताच फुगून घट्ट होतात. फोमच्या आत असंख्य बारीक कप्पे असतात आणि त्यांत अडकलेली हवा किंवा वायू उष्णता अडवतो. फोम घर थंड करत नाही, फक्त उष्णता आत येण्याचा वेग कमी करतो, हे ध्यानात असू द्या. खिडकी आणि हवेची वाट तरीही लागतेच.

दोन जाती

पहिली जात ओपन सेल. हिचे कप्पे उघडे असतात, त्यामुळे फोम स्पंजासारखा मऊ राहतो. वजन एका घनमीटरला सुमारे ८ किलो. दुसरी जात क्लोज्ड सेल. हिचे कप्पे बंद असतात, फोम टणक असतो. वजन एका घनमीटरला सुमारे ३२ किलो.

आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर पहिली जात टॉवेलच्या कापडासारखी, दुसरी ताडपत्रीसारखी. टॉवेल पाणी धरून ठेवतो, ताडपत्री सहसा पाणी आत येऊ देत नाही. क्लोज्ड सेलचा २ इंच थर जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला ओपन सेलचा सुमारे साडेतीन इंच थर लागतो. म्हणून 'इंचाला भाव कमी' एवढे ऐकून स्वस्त समजू नका.

वजनाचा हिशोब

कापड घेताना आपण नुसते मीटर पाहत नाही, वजनही पाहतो. इथेही तेच करा. एका चौरस फुटावर २ इंच क्लोज्ड सेल मारायला सुमारे १५० ग्रॅम माल लागतो. साडेतीन इंच ओपन सेलला सुमारे ६५ ग्रॅम. ५०० चौरस फुटांच्या छताला पहिल्याचा ७५ किलो, दुसऱ्याचा ३३ किलो माल झाला. फवारणीत काही माल वाया जातो, तो वेगळा. भाव मात्र क्लोज्ड सेलचा आणि साइटवर आलेला माल निम्मा, असे दिसले तर तिथेच थांबवा.

अजून एक सोपी परीक्षा आहे. काम सुरू करताना थोडा नमुना मारून घ्या. दुसऱ्या दिवशी त्यातून १० सेंटिमीटर लांब, रुंद आणि जाड असा चौकोनी तुकडा कापा. सोनाराच्या काट्यावर त्याचे वजन ८ ग्रॅमच्या आसपास भरले तर ओपन सेल, ३२ ग्रॅमच्या आसपास भरले तर क्लोज्ड सेल.

कुठे कोणता?

पत्र्याला आतून फोम मारायचा असेल तर क्लोज्ड सेलच घ्यावा. ओपन सेलमधून दमट हवा पत्र्यापर्यंत पोहोचते, तिथे पाणी साचते आणि पत्रा आतल्या आत गंजतो. बाहेरून काहीच दिसत नाही.

स्लॅबवर बाहेरून मारायचा असेल तर याहून जड, ४० ते ४८ किलोचा क्लोज्ड सेल लागतो. उन्हाने फोम पिवळा पडून भुरभुरतो, म्हणून त्यावर संरक्षक लेप किंवा कोबा हवाच.

ओपन सेल कोरड्या जागी, खोल्यांच्या आतील पार्टिशनमध्ये चांगला. आवाज घुमण्याचे तो कमी करतो, पण खालच्या मागाचा हादरा थांबवत नाही.

कोकणातील कौलारू घरात कौलांना खालून फोम मारू नये. गळती झाकली जाते, वाशांना हवा लागत नाही आणि लाकूड कुजते. ब्रिटनमध्ये लाकडी छतांना असा फोम मारलेल्या घरांवर कर्ज द्यायला अनेक संस्था याच भीतीने कचरतात.

खबरदारी

१. आधी गंजका पत्रा बदला, स्क्रूची गळती बंद करा. फोम हा गळतीवरचा इलाज नाही.

२. पत्रा कोरडा आणि तेल-धुळीपासून साफ हवा. एका वेळी २ इंचांहून जाड थर मारू देऊ नका, आतून तापून जळण्याचा धोका असतो.

३. फवारताना निघणारी वाफ दम्याला कारण ठरू शकते. कारागिरांना योग्य मास्क हवा, आणि घरच्यांनी निदान २४ तास दुसरीकडे राहावे. बरेच दिवस मासळीसारखा वास राहिला तर मिश्रण बिघडले असे समजा.

४. फोम पेटतो आणि विषारी धूर करतो. जिथे कापसाची रुई उडते तिथे तो उघडा ठेवणे म्हणजे घरात आग पाळणे. आतून जिप्सम बोर्ड लावा, वायरिंग तपासून घ्या आणि जवळ वेल्डिंग करू देऊ नका.

५. पूर्वी फोम फुगवायला वापरले जाणारे, ओझोनला घातक असे एचसीएफसी-१४१बी आयात करण्यास भारतात १ जानेवारी २०२० पासून बंदी आहे. आताच्या मालात काय आहे ते विचारा.

६. जात, वजन, जाडी आणि आतल्या बोर्डाचा खर्च, चारही गोष्टी बिलावर लिहून घ्या.

हात तंग असेल तर आधी पत्र्यावर बाहेरून उष्णता परतवणारा पांढरा रंग मारून एक उन्हाळा पाहा. त्याने भागले तर उत्तम. नाही भागले तर फोम घ्या, पण काटा सोबत ठेवून. दुकानात दुसऱ्याचा माल आपण तोलून घेतो, मग स्वतःच्या घरावर चढणारा माल न तोलता का घ्यावा?